मरोदा: पाणी ठीक, बाबा ठीक

९ एप्रिल, बुधवार

एका ओळीची खरी किंमत इथे मांडून ठेवतो. पुढे कधी अंगात शहाणपण आलंच, तर हे पान काढून वाचावं.

ओळ अशी: "अंतिम सूचना! आजच कारवाई करा!!"

सोमवारी भिलाईतल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना मेलवर गेली. आत काही नाही. वॉटर प्युरिफायरचा वर्षाचा सर्व्हिस करार संपतोय, नवा करून घ्या, एवढंच. माथ्यावरची ओळ माझी. कुठेतरी वाचलं होतं की घाई दाखवली म्हणजे लोक उघडतात.

खर्च: नेहरू नगरच्या वासनिक बाईंची मुलगी पुण्यात मीटिंगमध्ये होती. तिने नुसती ओळ पाहिली, आतलं वाचलं नाही. आईला फोन. आई गच्चीवर कुरड्या वाळत घालत होती, फोन खाली. मग शेजारणीला फोन. शेजारीण गॅसवरची भाजी सोडून धावली, दार बडवलं. बाई घाबरून जिना उतरल्या, पाय मुरगळला. म्हणजे एक पाय, एक कढई भाजी, मुलीची मीटिंग, आणि भर उन्हात मी त्यांच्या फाटकाशी हात जोडून. नवे करार? एकही नाही.

बाई लंगडत बाहेर आल्या. "वामनभाऊ, एका फिल्टरसाठी एवढं? मले वाटलं घर जप्त होऊन राहिलं."

मग आत बोलावून पाणी दिलं. माझ्याच मशीनचं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. पण गिऱ्हाईक टिकलं. बाईंचे उपकार.

११ एप्रिल

करार बाईंचा, मग मेल मुलीला कशी गेली? श्वेताने यादी उघडून दाखवली. दुकानातला कॉम्प्युटर, बिलं, मेल, सगळं माझी लेकच पाहते.

"पापा, ये देखो. नाम पिताजी का, आयडी बेटे की. हे पण. आणि हे पण."

अर्ध्याहून जास्त असेच! डोक्यात उजेड पडला. काउंटरवर "मेल आयडी?" विचारलं की आपली माणसं पोराचा सांगतात. फोन स्वतःचा, मेल पोराची. घरात इंग्रजी कागद आला की पोराकडे द्यायचा, ही स्टील प्लांटच्या क्वार्टरातली जुनी रीत, तीच पुढे चालू आहे. आता पोरं पुण्यात, हैद्राबादेत, बंगळुरात. बाप इथे पाणी पितो आणि पाण्याचा कागद बंगळुरात पोचतो.

मी हसलो तर श्वे. म्हणाली, "हसू नका. लाइट बिलात तुम्ही माझी आयडी दिली आहे."

म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाशी बोलत होतो. "आपल्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी खास सवलत" कोणाला, तर बंगळुरात भाड्याच्या खोलीत बाटलीचं पाणी पिणाऱ्या पोराला.

१५ एप्रिल

काल जयंती, दुकान बंद. मरोद्याच्या विहारात रामटेके काका भेटले. पांढरा सदरा, इस्त्री कडक. काकू गेल्यापासून इस्त्री स्वतः करतात. "सुरकुती दिसली तर लोक कीव करतात," म्हणे.

या माणसाचं देणं इथे लिहून ठेवायला हवं, कारण तोंडावर बोललो तर हाकलून देतील. मी दहावी पास, सायकलला पिशवी बांधून दारोदार फिल्टर साफ करायचो. क्वार्टरात कोणी आत घेईना. बूट बाहेर, पिशवी बाहेर, मीही बाहेर. काका प्लांटच्या रेल मिलमधून ड्यूटी संपवून आलेले, अंगावर निळा डगला. मला घरात नेलं, काम करवलं, मग रस्त्यात उभे राहून सगळ्या गल्लीला ओरडले, "या पोट्ट्याले येऊ द्या रे! हात साफ आहे याचा!"

त्या एका ओळीवर माझं दुकान उभं आहे. पावर हाउस बाजारातल्या गाळ्याचं भाडं, श्वे.चं बी.कॉम., सगळं. आज मी मेलच्या ओळी लिहायला शिकतोय. शिकवणारा तेव्हाच भेटला होता.

२२ एप्रिल

सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून स्टेशनच्या ऑटोवाल्यांचं ओरडणं ऐकलं. "सुपेला-सुपेला-सुपेला!" आधी गाव. भाडं नंतर, बसल्यावर. "आरामदायक प्रवासाची सुवर्णसंधी" असं कोणी ओरडत नाही. ज्याला सुपेल्याला जायचं त्याचा कान उभा राहतो, बाकीच्यांना त्रास नाही.

श्वे.ला म्हटलं, ओळीत आधी गाव टाकायचं. पोरगा कुठेही असो, "मरोदा" दिसलं की बोट थांबेल.

दोन ओळी करून पाहिल्या. अर्ध्या यादीला: "उन्हाळी सर्व्हिस ऑफर, २०% सूट." उरलेल्यांना, ज्याचं त्याचं गाव टाकून: "मरोदा: उन्हात टाकीचं पाणी तापतंय, फिल्टर पाहून येऊ का?" (हिंदीवाल्यांना हिंदीत, आपल्या लोकांना मराठीत. इथे सगळं मराठीत उतरवतो.)

श्वे.च्या स्क्रीनवर ज्याने मेल उघडली त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. पहिल्या अर्ध्यात तुरळक. दुसऱ्या अर्ध्यात शेतात पेरणी उगवावी तसं.

बायको म्हणे, "रोजनिशीत हेच लिहून राहिले का? किराण्याची यादी लिहा."

३० एप्रिल

आता काम झालं की मेल. काय केलं ते ओळीतच. "हाउसिंग बोर्ड: आईकडचा फिल्टर बदलला." "सेक्टर ६: टाकी धुतली, बाबा स्वतः वर चढणार होते, चढू दिलं नाही."

या दुसऱ्या ओळीला चक्क उत्तर आलं, हैद्राबादहून. "थँक यू अंकल. वो मानते ही नहीं. करार दोन साल का कर दीजिए."

सवलत एका पैशाची नाही.

पण एकदा हातही भाजला. एका पोराची आई म्हणाली की संडासातला नळ गळतो, तुळशीने (आमचा मेकॅनिक, सगळ्यात जुना) तो आवळून दिला. मी ओळ केली: "आईच्या संडासातला नळ आता गळत नाही." पोराचा फोन टेबलावर, शेजारी साहेब. ओळ फोनच्या काचेवर झळकली, साहेबाने मोठ्यांदा वाचली.

पोरगा फोनवर: "काका, मेरी इज़्ज़त का नल आपने खोल दिया."

माफी मागितली. माथ्यावरची ओळ पोस्टकार्डासारखी असते. बंद पाकीट आतलं. जे पोस्टमनने वाचलं तरी चालेल तेवढंच वर.

६ मे

रामटेके काकांकडे सर्व्हिस होती, मीच गेलो. काका दर वेळी पाण्याची शुद्धता मोजायचा मीटर हातात घेऊन आकडा स्वतः वाचतात, मगच सही. रेल मिलची सवय.

त्यांच्या नावापुढे आयडी प्रफुलचा. एकुलता एक, बंगळुरात. काकू गेल्या तेव्हा आला होता, बापाला म्हणाला, घर विका, माझ्याकडे चला. काकांनी सगळ्यांसमोर, "माय जाऊन तेरा दिवस नाही झाले, माह्या घराची बोली लावायले आला का बे?" पोरगा त्याच रात्रीच्या गाडीने गेला. तेव्हापासून फोन नाही. ना याचा, ना त्याचा. दोघंही बरोबर, दोघंही चूक, आणि मध्ये पाण्याचं मशीन.

मेल पाठवताना हात जरा थांबला. मग लिहिलं: "मरोदा: पाणी ठीक, बाबा ठीक."

पाठवली आणि लगेच हिरवा ठिपका. मी खुर्चीतून उठलोच.

श्वे.ने मागच्या वर्षभराच्या मेल काढल्या. सवलतीच्या, दिवाळीच्या, "अंतिम सूचना" पण. प्रफुलच्या नावापुढे एकूण एक हिरवा! पोरगा बोलत नाही, पण घराकडून आलेलं चिटोरंही सोडत नाही.

७ मे

राहावलं नाही. मरोद्याला गेलो. काका अंगणात कुंडीला पाणी घालत होते.

"काका, एक सांगू? तुमचा प्रफुल माझी प्रत्येक मेल उघडते. आली की लगेच."

काकांनी झारी खाली ठेवली नाही. पाणी कुंडीतून वाहून पायावर आलं.

"फिल्टरची?"

"फिल्टरचीच. दुसरी कोणती पाठवू?"

"हं." मग झारी ठेवत, "लहानपणी मटक्याचंच पाणी प्यायचा. मशीनचं नको म्हणे, चव नाही."

चहा स्वतः केला. साखर दोनदा टाकली. प्यायलो. आयुष्यात इतका गोड चहा कमी वेळा मिळतो.

१४ मे

तुळशी मरोद्याहून वैतागून आला. "मशीन त बने हे भइया. कका ह अइसने बलाय हे." मशीन चांगलं आहे, काकांनी उगाच बोलावलं.

या आठवड्यात दुसऱ्यांदा. एकदा म्हणे पाण्याला वास येतो. एकदा म्हणे मशीन घुरघुर करते. तुळशी मशीनला कान लावून बसला, काका बाजूला उभे. शेवटी काकांनीच विचारलं, "आता मेल जाईल ना?"

पाठवली. "मरोदा: घुरघुर नाही. मशीन शांत." हिरवा.

काकांना फोनवर सांगितलं. "हं," म्हणाले. त्या "हं"साठी मी रोज तुळशीला पाठवायला तयार आहे. पेट्रोल दुकानाचं.

२१ मे

काकांना दोन दिवस ताप. बायकोने खिचडी दिली, घेऊन गेलो. म्हटलं, "काका, आज ओळीत टाकतो, बाबांना ताप आहे म्हणून."

उठून बसले. "कावून? भीक मांगून राहिला का माह्यासाठी?"

"भीक कशाची? पोरगा आहे तो."

"मशीनची मेल आहे, मशीनचंच लिही. माणूस बिघडला त लिहायचं नाही. आपला करार पाण्याचा आहे, वामन्या."

बरोबर आहे. धंद्यातही हेच शिकलो. ओळीत एक आणि आत दुसरं निघालं की माणूस पुढच्या वेळी दार उघडत नाही. फिल्टरच्या बुरख्याआडून मी ताप विकायला निघालो होतो.

खिचडी मात्र संपवली. "मंदाले सांग, मीठ बरोबर आहे." मंदाला सांगितलं. ती दिवसभर खुशीत.

२८ मे

सर्व्हिसचा दिवस. काकांनी सवयीने मीटर हातात घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, खिडकीशी गेले. मग तुळशीपुढे केला. "तूच वाच बापा. आकडे मले पुसट दिसून राहिले."

तुळशीने आकडा सांगितला, काकांनी सही केली. निघताना दारापर्यंत आले. कुंडीकडे पाहत म्हणाले, "हे लिहायले हरकत नाही."

"काय काका?"

"आकडा तुळशीनं वाचला म्हून. हे मशीनचंच आहे ना. मीटर मशीनचाच असते."

इतक्या सरळ माणसाला एवढा वळसा घ्यावा लागला.

ओळ: "मरोदा: मीटरचा आकडा बाबांना दिसला नाही, तुळशीने वाचून दिला." माझ्या सगळ्या ओळींत ही खरी. आणि ही माझी नाहीच.

हिरवा. त्याच मिनिटाला.

१ जून, रविवार

नेहरू नगरातल्या एका कोचिंगच्या सरांनी बोलावलं. त्यांच्या फीच्या आणि हजेरीच्या मेल पालक उघडत नाहीत. वर्गात ओळखीचे चार-पाच दुकानदारही बसवलेले. मला फळ्यासमोर उभं केलं. दहावी पास माणूस, फळ्याच्या या बाजूला पहिल्यांदा. खडू पहिल्याच अक्षराला मोडला, खोटं कशाला बोलू.

मग लागलो बोलायला. आधी गाव नाहीतर मुलाचं नाव. ओळ लहान, फोनच्या काचेत मावेल एवढी. किंचाळायचं नाही, उद्गारचिन्ह म्हणजे भोंगा. एका मेलमध्ये एकच गोष्ट. आत नसेल ते वर लिहायचं नाही. आणि मेल कोण वाचणार आहे ते आधी पाहायचं, नाव कोणाचं आहे ते नंतर.

सर म्हणाले, "वामन जी, ये सब काम करता है, प्रूफ़ क्या है?"

तेव्हा मी फुगलो. सांगितलं, एक बाप आहे, एक मुलगा आहे. नावं नाही सांगितली. बोलत नाहीत. पण माझी ओळ गेली की तो मुलगा काम टाकून उघडतो, आजवर एक सोडली नाही. "बाप की आवाज़ नहीं सुनता, मेरी लाइन पढ़ता है. भिलाई में ऐसी लाइन लिखने वाला दूसरा हो तो दिखा दो."

टाळ्या पडल्या. एकाने डोळे पुसले. समोसा मिळाला, वर दोन कामं. परतताना स्कूटर आपोआप चालत होती.

८ जून

काकांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही. उजवा आधी, १६ तारखेच्या सोमवारी. साधं ऑपरेशन आहे, पण घरचं कोणी सोबत हवं, पुढे काही दिवस औषध टाकायला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "घर में कौन है?"

"कोई नहीं. लिख दो."

"काका, असं कसं? प्रफुल आहे ना."

बाहेर बाकावर बसलो. ऊन, समोर नारळपाणीवाला. काका हळू बोलले.

"आधी बरं होतं, वामन्या. आधी मी म्हणायचो, त्याले माहीत नाही म्हून येत नाही. पोट्टा दूर आहे, कामात आहे. आता तू सांगते तो सगळं वाचते. टाकी वाचते, घुरघुर वाचते. बापाले आकडा दिसत नाही, तेही वाचलं त्यानं. अकरा दिवस होऊन राहिले. म्हंजे माहीत असून चूप आहे."

नारळपाणी घेतलं, काकांनी प्यायलं नाही.

मी यांच्या घरात आशा पोचवत होतो असं समजत होतो. पोचवला निकाल. पोराविरुद्ध पुरावा गोळा करून दिला, हिरव्या ठिपक्यांचा.

९ जून

प्रफुलचा फोन नंबर माझ्याकडे नाही. काका देत नाहीत. "मेल कर," म्हणतात, कडवट.

दिवसभर ओळ जुळवत बसलो. "मरोदा: सोमवारी बाबांचा डोळा." खोडली, करार पाण्याचा आहे. "मरोदा: सोमवारी घरी कोणी नसेल, सर्व्हिस पुढे ढकलली." वकिली वाटते, खोडली. "प्रफुल, फोन कर." ही ओळ धंद्याची नाही, माझी नाही, काकांचीही नाही. खोडली.

दुसऱ्यांच्या आईबापांसाठी पटापट सुचतं. आज हात लुळा.

श्वे. मागे उभी राहून पाहत होती. खांद्यावर हात ठेवला, कॉम्प्युटर स्वतःकडे ओढून घेतला. ही पोरगी मला कशी मिळाली कोण जाणे.

११ जून

श्वे.ने आज एक चूक पकडली. चूक तिचीच, पण बरं झालं झाली.

परवा माझी खाडाखोड बाजूला सारताना तिच्याकडून एक मेल प्रफुलला निघून गेली. कोरी. माथ्यावर ओळ नाही, आत अक्षर नाही. आज तिने पाहिलं तर त्या मेलपुढेही हिरवा ठिपका. त्याच मिनिटाला.

"पापा, लाइन ही नहीं थी. फिर खोला क्यों?"

मी म्हटलं, आमचं नाव पाहून उघडली असेल. तिने मान हलवली. प्रफुलचे सगळे ठिपके काढले. पहाटेची मेल पहाटे, दुपारची दुपारी, दर वेळी गेल्या गेल्या. "इतना तो कोई बंदा फ्री नहीं होता."

मेल पाठवायची सोय ज्यांच्याकडून घेतली आहे त्यांना तिने विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं. काही फोन मेल आली की मालकाला न विचारता आतलं स्वतःच उतरवून ठेवतात. आपल्याकडे "उघडली" दिसते. माणसाने पाहिली की नाही, ते यावरून कळत नाही.

दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे प्रफुलने...?"

"पता नहीं, पापा. पढ़ा भी हो सकता है. शायद एक भी नहीं."

भिलाईतला एकमेव ओळ लिहिणारा फडक्याने कॉम्प्युटर पुसत बसला. मग का कोण जाणे, बरं वाटायला लागलं. उद्या सकाळी आधी मरोदा.

१२ जून, गुरुवार

काका दाढी करत होते, अंदाजाने. गालावर साबण राहिलेला. सांगितलं सगळं. फोनच मेल उघडतो, ठिपका माणसाचा नाही, मी चुकलो, मी तुम्हाला भलतंच सांगितलं.

मला वाटलं रागावतील. काकांनी वस्तरा धुतला, पुसला, ठेवला.

"म्हंजे त्याले माहीतच नाही?"

"नसेल. किंवा असेल. मला खरंच सांगता येत नाही, काका."

"माहीत नसेल त्याले," काका म्हणाले. सरळ बसले. गालावर साबण तसाच, पण चेहरा महिन्यापूर्वीचा, कुंडीला पाणी घालतानाचा. "फोनले काय, फोन कायलेही उघडते. माह्या पोट्ट्याले माहीतच नाही, बापा."

मग नंबर म्हणाले. पाठ होता. सगळा, न अडखळता. "तू दाब. मले बटन दिसत नाही."

दाबला. माझ्या फोनवरून, अनोळखी नंबर. उचलला.

"हॅलो? कौन?"

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "मी आहो. मरोद्याहून. पाणी ठीक आहे." थांबले. "डोळा ठीक नाही."

मी उठून अंगणात गेलो. ऐकायचं नव्हतं, पण कान तिखट, काय करणार. काका बोलत होते ते कमी, ऐकत होते ते जास्त. एकदा "नाही रे", एकदा "तुह्या मायचं घर आहे ते", एकदा नुसतं "हं". कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आलेली. मी ती पाहत राहिलो. ज्याने मला गल्लीला ओरडून दाखवलं, त्याच्यासाठी आज निदान बटणं दाबता आली.

काकांनी हाक मारली. फोन परत दिला. डोळे पुसले नव्हते, मला दिसू दिले.

"येते का?"

"तसं नाही म्हणाला. सोमवार ना, म्हणे. डॉक्टरचं नाव इचारलं. संध्याकाळी करतो म्हणे फोन." मग माझ्याकडे पाहून, "घरातली भांडी घासून ठेवतो. आला त आला."

निघायचं होतं, पण राहावलं नाही. "काका, मेलचं काही विचारलंत?"

"इचारलं ना. म्हटलं, हा वामन्या तुले फिल्टरची मेल करते, भारी लिहिते." काका गालावरचा साबण पुसत होते. "तो म्हणे, तो आयडी नोकरीचे फॉर्म भरायसाठी काढला होता. तिथं नुसत्या जाहिराती येतात, म्हून तो कधी पाहतच नाही."